जळजळीची गोळी, गुठळीची गोळी आणि एक कात्रण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे एक वडीलधारे स्नेही, तालुक्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, एका संध्याकाळी वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीतले एक कात्रण घेऊन आले. वर्षभरापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला, आणि तेव्हापासून रोजच्या गोळ्यांत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल व ओमेप्राझोल या तीन होत्या. कात्रणाचा सारांश असा की, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, तर पुन्हा झटका येण्याचा धोका पंचवीस टक्क्यांनी वाढतो, आणि अमेरिकेतल्या अभ्यासात हे सिद्ध झाले आहे. ते वाचून सरांनी बारा दिवसांपूर्वी ओमेप्राझोल आपल्या मनाने बंद केली होती. "मला आता जळजळ होत नाही, मग धोका कशाला पत्करायचा? पण हे खरे की खोटे, ते तुम्ही विज्ञानवाले सांगा," असे त्यांचे म्हणणे.

आम्ही प्रथम त्यांना त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्याचे कारण पुढे येईलच. मग त्या कात्रणामागचे मूळ शोधनिबंध एकेक करून वाचले. पाठ्यपुस्तकातला एखादा धडा आपण जसा तपासतो, तसे हे प्रकरण तपासून पाहावे असे वाटले, म्हणून हा लेख. कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगणे आमचे काम नाही. एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे पाहणे मात्र आपल्या सर्वांचे काम आहे.

पहिली तक्रार शब्दाबद्दल. 'रक्त पातळ करणारी औषधे' हा शब्द दवाखान्यात, औषधांच्या दुकानात, घरोघरी रुळलेला आहे. पण या औषधांनी रक्त पातळ होत नाही. रक्ताचा दाटपणा प्रामुख्याने त्यातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ठरतो, आणि या गोळ्या त्या प्रमाणाला हात लावत नाहीत. त्या करतात ते एवढेच, की गुठळी होण्याची क्रिया मंदावतात. तीही सगळ्या एकाच ठिकाणी नव्हे. गुठळीसाठी दोन गोष्टी लागतात. रक्तपट्टिकांनी एकमेकींना चिकटून ढीग करायचा, आणि रक्तद्रवातल्या प्रथिनांनी एकामागून एक सक्रिय होत फायब्रिनचे जाळे विणायचे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल पहिल्या कामात अडथळा आणतात. वॉरफेरिन आणि आपल्याकडे बरेच वापरले जाणारे ॲसेनोकौमरॉल ही औषधे के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होणाऱ्या प्रथिनांवर, म्हणजे दुसऱ्या कामावर, परिणाम करतात. डॅबिगॅट्रान हे त्यामानाने नवे औषध त्याच साखळीतल्या थ्रॉम्बिन नावाच्या एका विकराला थेट पकडते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ॲसिडिटीच्या गोळीचा या तिघांशी असणारा संबंध तीन तऱ्हांचा आहे. ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. वॉरफेरिनचा परिणाम, झालाच तर, किंचित वाढतो. वॉरफेरिनचे रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात अशा दोन रूपांत असतात. त्यातल्या अधिक प्रभावी रूपाची विल्हेवाट लावणारे यकृतातले विकर वेगळे आहे, आणि ओमेप्राझोल अडथळा आणते ते कमी प्रभावी रूपाच्या वाटेत. म्हणून परिणाम लहान राहतो. सिमेटिडीन या जुन्या आम्लरोधक औषधाचा याहून अधिक होत असे. तरीही वॉरफेरिन किंवा ॲसेनोकौमरॉल घेणाऱ्याचे कोणतेही औषध सुरू किंवा बंद झाले, की डॉक्टर रक्ताची तपासणी पुन्हा करायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. डॅबिगॅट्रानची तऱ्हा आणखी निराळी. ते विरघळायला आम्ल लागते, म्हणून त्याच्या कॅप्सूलमध्ये टार्टारिक आम्लाचे कण घातलेले असतात. जठरातले आम्ल कमी केले की ते काहीसे कमी शोषले जाते. म्हणजे एका ठिकाणी गुठळीचे भय, दुसऱ्या ठिकाणी रक्तस्रावाचे, तिसऱ्या ठिकाणी शोषणाचा प्रश्न. कात्रणाने या तिन्ही गोष्टी 'रक्त पातळ करणारी' या एका पिशवीत भरल्या आणि पिशवीवर एकच आकडा चिकटवला. वॉरफेरिन घेणाऱ्या एखाद्या आजीबाईंनी हे कात्रण वाचले असेल, तर त्यांनी नेमक्या उलट्या गोष्टीचे भय घेतले असेल. यापुढे आपण फक्त क्लोपिडोग्रेलबद्दल बोलू, कारण तो पंचवीसचा आकडा तिथून आलेला आहे.

मुळात या दोन गोळ्या एकत्र देतातच का? सरांना वाटत होते, जळजळीसाठी. पुष्कळांना तसेच वाटते. स्टेंट बसवल्यावर काही महिने ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही द्यावी लागतात. ॲस्पिरिन जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये कमी करते, त्यामुळे व्रण होऊ शकतो. त्यात रक्तपट्टिका दुबळ्या केलेल्या. व्रणातून रक्त वाहू लागले तर ते लवकर थांबत नाही. म्हणून वयस्कर माणसाला, किंवा पूर्वी व्रण होऊन गेलेल्याला, आम्ल कमी करणारी गोळी राखणदार म्हणून देतात. जळजळ असो वा नसो. अमेरिकेतील हृदयरोग आणि पचनसंस्था यांच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २००८ साली एकत्र येऊन हीच शिफारस केली होती. सरांना जळजळ होत नव्हती हे ठीक, पण राखणदाराला सुट्टी दिल्याचे त्यांना कळलेच नव्हते. डॉक्टरांना आधी फोन लावायला सांगितला तो यासाठी.

आता यंत्रणा पाहू. हा भाग आम्हाला फार आवडतो आणि वर्गात सांगण्याजोगा आहे. क्लोपिडोग्रेल पोटात जाते ते झोपलेल्या स्थितीत. गोळीतला रेणू रक्तपट्टिकांचे काहीच करू शकत नाही. शोषल्या गेलेल्या औषधापैकी सुमारे ८५ टक्के भाग रक्तातली आणि यकृतातली काही विकरे निरुपयोगी करून टाकतात. उरलेल्या १५ टक्क्यांचे यकृतात दोन पायऱ्यांनी ऑक्सिडीभवन होते आणि मग जागा होतो तो खरा औषधी रेणू. तो रक्तपट्टिकेवरच्या एका ग्राहकाला कायमचा चिकटतो. रक्तपट्टिकेचे आयुष्य आठवडा-दहा दिवसांचे, आणि तेवढा काळ ती पट्टिका जायबंदी राहते. या जागे करण्याच्या कामात ज्या विकराचा वाटा मोठा, त्याचे नाव सीवायपी २सी१९. नाव कसले, कारखान्यातल्या यंत्राचा क्रमांक वाटावा असे आहे.

ओमेप्राझोलही झोपलेलेच पोटात जाते, पण त्याला जाग येते आम्लात. जठराच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशीत पोहोचले की ते जागे होऊन तिथला प्रोटॉन पंप बंद पाडते. यकृताशी त्याचा संबंध येतो तो विल्हेवाटीपुरता. आणि ती विल्हेवाट बरीचशी त्याच २सी१९ विकराकडून होते. एकाला जागे करणारे आणि दुसऱ्याचा निकाल लावणारे विकर एकच, एवढी ही गाठ आहे.

हे समजावताना बरेच लेखक गिरणीच्या रांगेची उपमा देतात. गिरणी एक, दळण आणणारे दोघे. एकाचा डबा चालू असला की दुसऱ्याला थांबावे लागते. आम्हीही पूर्वी हीच उपमा दिली आहे. आता ती मागे घेतो. रक्तातले ओमेप्राझोल तासाभरात निम्मे होते. नुसती रांग असती, तर एक गोळी सकाळी व दुसरी रात्री घेतल्याने प्रश्न मिटायला हवा होता. पुष्कळ जण तसा सल्ला देतातही. पण दोन्ही औषधे बारा तासांच्या अंतराने देऊन प्रयोग झाला, तेव्हा परिणाम जवळजवळ तेवढाच आढळला. कारण ओमेप्राझोल मोडले जाता जाता त्या विकरालाच जखडून निकामी करते. यकृताने नवे विकर तयार करीपर्यंत ती उणीव राहते. म्हणजे दळण घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाने जात्यात खडा टाकला आणि तो निघून गेला. उपमा चांगली की वाईट हे तिच्यावरून काढलेले अनुमान प्रयोगात टिकते का यावरून ठरवावे. रांगेची उपमा तिथे नापास झाली.

परिणाम किती मोठा? ओमेप्राझोलचा रोजचा डोस साधारण २० ते ४० मिलिग्रॅमचा असतो. निरोगी माणसांवरच्या एका चाचणीत ८० मिलिग्रॅम दिले, तेव्हा क्लोपिडोग्रेलच्या जाग्या रेणूचे रक्तातले प्रमाण पहिल्या मोठ्या डोसनंतर ४५ टक्क्यांनी आणि रोजच्या डोसवर ४० टक्क्यांनी घटले. पॅन्टोप्राझोल हे त्याच कुळातले औषध ८० मिलिग्रॅम दिले, तेव्हा ही घट अनुक्रमे २० आणि १४ टक्के होती. म्हणजे 'ॲसिडिटीच्या गोळ्या' हाही शब्द सरसकट वापरता येत नाही.

फ्रान्समधल्या ब्रेस्ट येथील डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली चाचणी या विषयातला पहिला पक्का पुरावा. १२४ रुग्ण, सर्वांना ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, निम्म्यांना ओमेप्राझोल व निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते हे रुग्णांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. रक्तपट्टिका अजून किती सक्रिय आहेत हे दाखवणारा एक निर्देशांक त्यांनी मोजला. पहिल्या दिवशी दोन्ही गटांत तो सारखाच, ८३ च्या आसपास होता. सातव्या दिवशी नुसत्या गोळीच्या गटात तो ३९.८ वर उतरला होता, तर ओमेप्राझोलच्या गटात ५१.४ वरच थांबला होता. साधी, नेमकी, नीट बांधलेली चाचणी. आमचा तिच्यावर काहीच आक्षेप नाही. फक्त तिने काय मोजले नाही, हे लक्षात ठेवावे लागेल. तिने झटके मोजले नाहीत. सात दिवसांत १२४ माणसांत ते मोजता येण्याजोगे नव्हतेच.

झटके मोजले ते पुढच्या वर्षी, अमेरिकेत. २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला हा निबंध, आणि पंचवीसच्या आकड्याचे मूळ तेच. माजी सैनिकांसाठी असलेल्या १२७ रुग्णालयांतून क्लोपिडोग्रेल घेऊन घरी गेलेल्या ८२०५ हृदयरुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. त्यांतल्या ६३.९ टक्के रुग्णांना आम्ल कमी करणारी गोळीही दिलेली होती. मृत्यू किंवा हृदयाच्या तीव्र दुखण्यासाठी पुन्हा भरती, असे ज्यांच्या बाबतीत घडले, त्यांचे प्रमाण गोळी न घेणाऱ्यांत २०.८ टक्के, तर घेणाऱ्यांत २९.८ टक्के. आकडे पाहून कोणाचीही छाती दडपावी.

इथे आम्ही सरांना त्यांच्याच विषयात ओढले. दोन्ही गटांतल्या शक्यतांचे गुणोत्तर काढा म्हणालो. कागदावर त्यांनी मांडले: २९.८ ला ७०.२ ने भागून ०.४२४५, २०.८ ला ७९.२ ने भागून ०.२६२६; पहिल्याला दुसऱ्याने भागले की सुमारे १.६२. मग निबंधात छापले आहे १.२५. मधले ०.३७ गेले कुठे? ते गेले रुग्णांच्या वयाचा, इतर आजारांचा वगैरे हिशेब करून वजाबाकी करण्यात. गोळी मिळालेले रुग्ण मुळातच वयाने मोठे आणि अधिक आजारी होते. निबंधात हे सारे स्वच्छ लिहिलेले आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. नोंदवहीत लिहिलेल्या आजारांचा हिशेब केल्यावर १.६२ चे १.२५ झाले, तर न लिहिलेल्या गोष्टींचा हिशेब करता आला असता तर किती झाले असते? अशक्तपणा, घरची काळजी, जेवणखाण, गोळ्या वेळेवर घेणे न घेणे, यांना नोंदवहीत रकाना नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे. छातीत दुखायला लागले की पहिला उद्गार निघतो, "गॅस झाला असेल," आणि पित्ताची गोळी दिली जाते. हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारी कळ आणि अन्ननलिकेत आम्ल चढल्याने होणारी जळजळ यांत भल्याभल्यांची फसगत होते. मग असेही घडू शकते की पुन्हा झटका येण्याच्या बेतात असलेल्या माणसालाच ही गोळी सुरू होते. नोंदवहीत गोळी आधी आणि झटका नंतर. पण कारण मात्र उलट दिशेने गेलेले.

निबंधाच्या लेखकांनी कुठेही 'सिद्ध झाले' असे म्हटलेले नाही. संबंध आढळतो, एवढेच ते म्हणतात. 'सिद्ध' हा शब्द वाटेत कोणीतरी घातला. शिवाय १.२५ हे शक्यतांचे गुणोत्तर आहे. घटना इतकी वारंवार घडत असताना त्याचा अर्थ 'धोका पंचवीस टक्क्यांनी वाढला' असा होत नाही. धोक्यातली वाढ त्याहून कमी असते. हे नववी-दहावीच्या मुलांना आकडे घेऊन सहज दाखवता येईल.

विरुद्ध बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याच महिन्यात कॅनडातला एक निबंध आला. ओंटारिओ प्रांतातले ६६ वर्षे व त्यावरील १३,६३६ रुग्ण. त्यांपैकी ७३४ जणांना ९० दिवसांत पुन्हा झटका आला. सध्या आम्लरोधक घेणाऱ्यांत शक्यतांचे गुणोत्तर १.२७ निघाले. पण पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांचे वेगळे काढले, तर १.०२, आणि बाकीच्या गोळ्यांचे १.४०. ही गोष्ट उडवून लावण्यासारखी नाही. सगळा दोष वयाचा आणि आजारपणाचा असता, तर पॅन्टोप्राझोलवाले का सुटावेत? तेही तितकेच म्हातारे, तितकेच आजारी असणार. २सी१९ ची यंत्रणा इथे जुळते. त्या वर्षी आम्ही वाचक असतो, तर इथे आमचेही मत डळमळले असते.

पुढे मात्र तराजू झुकत गेला. २००९ च्याच सप्टेंबरमध्ये लॅन्सेटमध्ये दोन चाचण्यांचे एकत्र विश्लेषण आले. लहान चाचणीत रक्तपट्टिका मोजल्या होत्या, तिथे आम्लरोधक घेणाऱ्यांत क्लोपिडोग्रेलचा परिणाम खरोखरच कमी दिसला. १३,६०८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत प्रत्यक्ष झटके व मृत्यू मोजले होते, तिथे काहीच फरक नाही. एकाच निबंधात प्रयोगशाळा हो म्हणते आणि रुग्णालय नाही म्हणते!

आमच्या मते सर्वांत बोलका निबंध डेन्मार्कचा, २०१० चा. त्या देशात प्रत्येक नागरिकाच्या औषधखरेदीची आणि रुग्णालयातल्या भरतीची देशव्यापी नोंद असते. झटक्यानंतर घरी गेलेल्या ५६,४०६ रुग्णांत त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: जे क्लोपिडोग्रेल घेतच नव्हते, त्यांच्यात आम्लरोधक गोळीने काय केले? क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत गोळीशी जोडलेला धोका १.२९ पट. न घेणाऱ्यांतही १.२९ पट. जे औषध पोटात गेलेच नाही, त्याच्या कामात गोळी अडथळा कशी आणणार? हा वाढीव आकडा गोळ्यांच्या भांडणातून न येता गोळी मिळालेल्या माणसांच्या प्रकृतीतून येत असावा, असे म्हणण्याला याहून चांगला पुरावा नोंदवह्यांतून मिळणे अवघड. विज्ञानाच्या शिक्षकाला यात ओळखीची गोष्ट दिसेल. प्रयोगाशेजारी तुलनेसाठी ठेवलेली ती दुसरी परीक्षानळी, एवढेच डॅनिश मंडळींनी केले.

खरा निकाल चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यानेच लागणार होता. तशी चाचणी सुरू होती. तिचे नाव कोजेंट. ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांना क्लोपिडोग्रेल एकटे, किंवा क्लोपिडोग्रेल व २० मिलिग्रॅम ओमेप्राझोल एकत्र असलेली खास गोळी. निष्कर्ष २०१० मध्ये न्यू इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आले. ३७६१ रुग्णांचा हिशेब झाला. १८० दिवसांत व्रण, रक्तस्राव यांसारख्या पचनमार्गाच्या घटना ओमेप्राझोलच्या गटात १.१ टक्के, दुसऱ्या गटात २.९ टक्के. शंभरांत १.८ चा फरक, म्हणजे सुमारे ५५ जणांना सहा महिने गोळी दिली की एकाची अशी घटना टळते. हृदयाच्या घटना ४.९ विरुद्ध ५.७ टक्के, धोक्याचे गुणोत्तर ०.९९. फरक नाही.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण ही चाचणी अर्धवट राहिली. ५००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. खर्च करणाऱ्या कंपनीचा निधी एकाएकी आटला आणि काम मध्येच थांबले. हृदयाच्या घटना मोजून १०९ हाती आल्या. एवढ्या थोड्या घटनांवर काढलेल्या ०.९९ च्या आजूबाजूला मोठी अनिश्चितता असते. खरे गुणोत्तर ०.६८ ते १.४४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणजे धोका ४४ टक्क्यांनी वाढत असण्याची शक्यताही या चाचणीने पुरती मोडीत काढलेली नाही. जगभर लक्षावधी माणसे रोज ज्या दोन गोळ्या एकत्र गिळत होती, त्यांच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची चाचणी एका कंपनीच्या खतावणीवर अवलंबून असावी, आणि खतावणी बंद होताच प्रश्न अर्ध्यावर सोडून द्यावा लागावा, हे आम्हाला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत खेदजनक पान वाटते. तेव्हा दोन्ही औषधे स्वस्त होण्याच्या वाटेवर होती. ती चाचणी पुढे चालवण्यात कोणाला नफा दिसला नसावा.

औषध नियंत्रकांचे वागणे कसे होते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल टाळावे, असा इशारा दिला. तो आजही कायम आहे. युरोपच्या संस्थेने मे २००९ मध्ये या कुळातली सर्वच औषधे अगदी गरज असल्याखेरीज टाळा असे म्हटले, आणि मार्च २०१० मध्ये ते मागे घेऊन इशारा ओमेप्राझोल व त्याचे जुळे भावंड एसोमेप्राझोल यांच्यापुरता ठेवला. अमेरिकी इशाऱ्यावर बरीच टीका झाली. ती आम्हाला पूर्ण पटत नाही. यंत्रणा खरी आहे, प्रयोगशाळेतली घट खरी आहे, मोठी चाचणी अपुरी आहे, आणि पॅन्टोप्राझोल हा सोपा पर्याय दुकानात आहे. अशा वेळी पर्याय वापरा म्हणणे शहाणपणाचेच. युरोपचा पहिला इशारा मात्र घाईचा होता. पर्याय न सुचवता राखणदारांची सगळी फौजच हलवायला तो सांगत होता. आणि कोणताही इशारा वाचकापर्यंत पोहोचला तो 'गोळी बंद करा' असा. 'गोळी बदलून घ्या' असा नव्हे. या दोन वाक्यांमधले अंतर म्हणजे आतून, न दिसता वाहणारे रक्त. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे ही त्याची खूण, आणि ती कात्रणात कुठेच नव्हती.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट जोडली पाहिजे. २सी१९ विकर सर्वांच्या यकृतात सारखे काम करत नाही. त्याच्या जनुकाचे एक मंद रूप आहे, आणि ते दक्षिण व पूर्व आशियाई लोकांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बरेच अधिक आढळते. ज्याला आई आणि वडील दोघांकडून ते मिळाले, त्याच्या शरीरात क्लोपिडोग्रेल नीट जागेच होत नाही, आणि ओमेप्राझोल मात्र जास्त वेळ टिकते, अधिक परिणाम करते. एकाच वारशाचे एका गोळीला नुकसान व दुसरीला फायदा. अमेरिकेच्या प्रशासनाने मार्च २०१० मध्ये क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकात याबद्दल ठळक चौकटीतला इशारा घातला. वर दिलेल्या मोठ्या अभ्यासांतले बहुसंख्य रुग्ण आपल्या भागातले नव्हते. त्यांचे आकडे इकडे जसेच्या तसे लावताना जरा हात आखडता ठेवावा.

सरांच्या डॉक्टरांनी ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल लिहून दिली आणि मनाने गोळी बंद केल्याबद्दल चार शब्दही सुनावले. आठवड्याने सर पुन्हा आले, तेव्हा कात्रणावर लाल शाईने खुणा होत्या. 'रक्त पातळ' खाली रेघ आणि समासात 'कोणते?'. 'ॲसिडिटीच्या गोळ्या' खाली रेघ आणि पुन्हा 'कोणत्या?'. 'सिद्ध' या शब्दावर काट. २५ टक्क्यांशेजारी त्यांनी १.६२ आणि १.२५ हे दोन आकडे लिहून मध्ये प्रश्नचिन्ह काढले होते. खाली दहापैकी तीन गुण. ते तीन कशाचे, असे आम्ही विचारले. म्हणाले, "यंत्रणा बरोबर लिहिली आहे त्याने. तिचे गुण कापता येत नाहीत."